गार लागलेले बूट

बचाव पथकाच्या स्टोअरमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकायचा, आणि त्याला हसण्यात अर्थ नव्हता. खोली लांबट आणि अरुंद. खिडकी एकच, तीही इतकी उंच की उजेड समोरच्या भिंतीच्या वरच्या अंगाला पडायचा आणि खाली उतरायला कंटाळायचा. दोन्ही भिंतींना खाली फळ्या, फळ्यांवर बुटांच्या जोड्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे. प्रत्येक जोडीच्या वर खुंटीला जाड कोट, कोटाच्या वर हेल्मेट, कोटाच्या कमरेशी दोर अडकवायची कडी. म्हणजे माणसाला लागतं ते सगळं होतं, माणूस तेवढा नव्हता. पथकात नव्याने आलेल्या एका धिप्पाड गड्याने पहिल्या दिवशी आत डोकावून आवाज खाली करून विचारलं होतं, "हे सगळे कुणाची वाट बघतायत?" बाकीचे खो खो हसले. स्टोअर सांभाळणारे मोजेमामा हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचीच."

मोजेमामांचं खरं नाव पथकात कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. मोजेमामा हे नाव पडलं ते त्यांच्या पायांमुळे. अंगाने बरे होते, पण पाय बघाल तर एखाद्या शाळकरी मुलीचे. आणि कामाची रीत अशी की पथकातल्या प्रत्येकाचे बूट स्वतः घालून चालून बघायचे. मग त्या होडीएवढ्या बुटांत ते इवलेसे पाय बसावेत म्हणून मोज्यांवर मोजे, मोज्यांवर मोजे. स्टोअरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक जुनी सतरंजी अंथरलेली असायची. तिच्यावरून मामा खाली मान घालून जायचे आणि यायचे, आज याच्या बुटांतून, उद्या त्याच्या. बोलायचे नाहीत. कुणी हाक मारली तर हात वर करून थांबवायचे.

"बूट डोळ्यांनी बघायचा नसतो," ते म्हणायचे. "डोळ्यांना बूट पॉलिश दाखवतो. पायाला खरं सांगतो."

आता यात खोटं काहीच नव्हतं. कुठे खिळा वर येतोय, कुठे शिवण टोचतेय, कुठे सुकतळ्याची घडी पडलीय, हे मामांच्या पायाला आधी कळायचं. बॅटऱ्यांमधले सेल काढून शेजारी ठेवणं, शिट्टी वाजवून बघणं, दोर बोटांतून सरकवत त्याची नस तपासणं, ही कामंही ते करायचेच. पण जीव बुटांत. त्यातही 'खऱ्या जोडी'त.

खरी जोडी ही मामांची स्वतःची युक्ती. पूर्वी पथकातली माणसं सरावाला आणि खऱ्या प्रसंगाला एकच बूट वापरायची आणि ऐन वेळी झिजलेल्या तळव्यांनी ओल्या कड्यावर चढायची. मामांनी पथकाच्या साहेबांच्या मागे लागून प्रत्येकाला दोन जोड्या मिळवून दिल्या. एक रोजची, सरावाला, चिखलाला. दुसरी खरी. खऱ्या जोडीला जमिनीचा स्पर्श व्हायचा तो भोंगा वाजल्यावरच. तोवर ती चकचकीत पॉलिश करून, आत कागद कोंबून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट बांधून फळीवर. महिन्यातून एकदा मामा गाठ सोडायचे, सतरंजीवरून चार फेऱ्या मारायचे, बूट कापडाने पुसायचे आणि पुन्हा गाठ मारायचे. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे तेव्हा या फळ्या दाखवायचे. बूट कितीही जुने असोत, तळवा कोरा करकरीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी मामांची ती झाकलेली जोडी.

कधी कधी एखाद्या पिशवीला आतून बारीक वाफ धरलेली असायची. कुणीतरी आत तोंड घालून हळूच श्वास सोडावा तशी. मामा ती पिशवी उलटी करून पुसायचे.

त्यांच्या बायकोला, म्हणजे पथकाच्या मामीला, या कामाचा एक वेगळाच ताप होता. दिवसभर दुसऱ्यांच्या बुटांतून चालून मामांच्या पायांना त्या त्या माणसाची चाल लागायची. ड्रायव्हरचे बूट तपासले की संध्याकाळी घरात मामा डावा पाय किंचित ओढायचे. पेटीवाल्याचे, म्हणजे औषधांची पेटी वाहून नेणाऱ्याचे तपासले की पावलं बाहेरच्या बाजूला पडायची. मामी दारातच विचारायची, "आज कुणाचे पाय घालून आलात?" मामा म्हणायचे, "ड्रायव्हरचे." ती म्हणायची, "मग बाहेर जरा फेऱ्या मारा आणि आपले घालून या." घरात हा विनोद होता. एकदा मात्र त्याचा विनोद राहिला नाही.

त्यासाठी मामांच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं.

धाकटा पथकात दोराचा पहिला माणूस होता. पहिला माणूस म्हणजे जो सगळ्यांच्या आधी कड्यावर उतरतो, पाय ठेवायच्या जागा शोधतो, मग बाकीचे येतात. अंगाने काटक, तोंडाने वाचाळ, भावाची टिंगल केल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. दोघं भाऊ एकाच घरात राहायचे, दोघांच्या बायका एकाच स्वयंपाकघरात भांडायच्या आणि एकाच कपातून चहा अर्धा अर्धा करून प्यायच्या. मामांची मुलगी तेव्हा लहान होती. ती धाकट्याच्या बायकोला काकू म्हणायची, म्हणून घरातले सगळेच तिला काकू म्हणायला लागले, मामासुद्धा.

एका दुपारी मामांनी धाकट्याची खरी जोडी तपासायला काढली. पाय आत घातला आणि डावा पाय त्यांनी झटकन बाहेर काढला. आत गार लागलं होतं. इतक्या सगळ्या मोज्यांमधून गार. त्यांनी हात घालून बघितलं, कोरडं ठणठणीत. सुकतळा काढून बघितला, कोरडा. तळवा वाकवला, टाच ठोकून बघितली, शिवण नखाने चाचपली. बूट नवा दिसत होता. पुन्हा पाय घातला. पुन्हा तोच गारवा, तळपायाच्या मध्यापासून टाचेकडे सरकत गेलेला. विहिरीच्या खालच्या पायरीवर अनवाणी उभं राहिल्यावर लागतो तसा. मामांच्या मानेवर काटा उभा राहिला. मग ते स्वतःवरच चिडले, बूट पुसला आणि पिशवीची गाठ मारली.

त्याच आठवड्यात भोंगा वाजला. धाकट्याने दातांनी पिशवी फाडली, बूट चढवले आणि नाड्या आवळता आवळता म्हणाला, "दादा, नीट बघून दिलेस ना? नाहीतर मला परत येऊन तुझ्या छातीवर बसावं लागेल."

"बघितलेत," मामा म्हणाले.

धाकटा ओल्या कड्यावरून घसरला, दोर धारेवर घासला आणि तुटला. त्याला वर काढायला संध्याकाळ झाली. बूट वेगळ्या पोत्यातून आले. डाव्या बुटाची टाच तळव्यासकट निघून गेली होती. साहेबांनी मामांना विचारलं, कारण असं काही विचारायचं ते मामांनाच. मामांनी बूट हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "दगडाच्या कपारीत अडकून ओढली गेलीय." त्यांना तेव्हा खरोखर तसंच वाटलं. ते बूट साहेबांनी कुठेतरी टाकून द्यायला लावले. आणि काकू भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही, तिने एकच गोष्ट विचारली, "भाऊजी, बुटांचं काही नव्हतं ना?" मामा तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बुटांत काही खोट नव्हती. मी स्वतः चालून बघितले होते." त्या शब्दावर काकू उठली, तोंड धुतलं आणि पुढे त्याच घरात राहिली. माणूस गेला तो नशिबाने गेला, कुणाच्या हलगर्जीपणाने नाही, एवढा एक आधार तिला होता.

विनोद राहिला नाही तो यानंतर. धाकट्याची रोजची जोडी तशीच पडून होती. टाकवेना म्हणून मामा ती स्वतःच वापरायला लागले, मोजे भरून. एका संध्याकाळी ते ती घालून घरी आले. बाहेरच्या फरशीवर पावलं वाजली आणि आतून काकू धावत आली. हात ओले, चेहऱ्यावर असं काही की बघणाऱ्याला लाज वाटावी. "आलात?" ती म्हणाली. दारात मामा उभे होते. मग काकूने ओले हात पदराला पुसले आणि आत गेली. मामांनी ते बूट दुसऱ्या दिवशी पथकाच्या आवारात जाळून टाकले.

पुढे ड्रायव्हरची खरी जोडी गार लागली. मामा मूग गिळून बसले. ड्रायव्हर उतारावर कोसळला आणि त्याचा गुडघा कायमचा गेला. त्यानंतर पेटीवाल्याची. तो लोखंडी जिन्यावरून पडला, जगला, पण परत कधी पेटी उचलली नाही. तिसऱ्या खेपेला मामांची खात्री पटली. बुटांत काही नव्हतं, जे होतं ते त्यांच्या पायांत होतं. माणसावर काय गुदरणार आहे ते पायांना आधी कळत होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पावलांतून चालून चालून त्या पायांना असलं काही शिकायला मिळालं होतं, जे माणसाने शिकू नये.

सांगणार कुणाला? साहेबांना जाऊन म्हणायचं, बूट गार लागतोय, याला पाठवू नका? त्यांनी मामांनाच डॉक्टरकडे पाठवलं असतं. त्या माणसाला सांगावं, तर तो भीतीने आधीच अर्धा मेला असता. म्हणून मामा गप्प राहायचे आणि करता येईल तेवढं करायचे. गार लागलेली जोडी दुप्पट पॉलिश करायचे, नव्या नाड्या घालायचे, आणि एका पिशवीवर दुसरी पिशवी चढवून दोन गाठी मारायचे. मग रात्री अंथरुणात स्वतःच्या तळपायांना हात लावून बघायचे.

अशा बापाची मुलगी पथकात भरती झाली. मामांनी आदळआपट केली, मामीने दोन दिवस अबोला धरला, काकूने तेवढा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगी काकासारखीच काटक आणि काकासारखीच तोंडाळ. वर्ष सरायच्या आत ती दोराची पहिली माणूस झाली. तिचे पाय मात्र बापावर गेले होते, लहान. पथकात पहिल्यांदाच एक जोडी अशी आली की मामांना ती एकाच मोज्यावर घालता यायची. त्या जोडीत पाय घातला की त्यांना बरं वाटायचं. मुलीची चाल झपझप. ती चाल घेऊन घरी आले की मामी म्हणायची, "आज बरे तरुण दिसताय."

मग एके दिवशी त्यांनी तिच्या पिशवीची गाठ सोडली. पिशवीला आतून वाफ होती. त्यांनी उजवा पाय आत घातला.

गार.

त्यांनी डावा घातला. तोही गार. आणि या वेळी मधे मोज्यांची गादी नव्हती. गारवा सरळ तळव्याला चिकटला आणि तिथेच थांबला, हात धरून बसल्यासारखा. मामा सतरंजीच्या मधोमध उभे राहिले. समोर भिंतीला कोट लटकत होते, कोटांवर हेल्मेट. मुलीच्या खुंटीवरचा कोट जरासा हलत होता. दार बंद होतं, पंखा बंद होता. मामा खाली बसले आणि बूट ओढून काढताना त्यांची नखं दुखावली.

त्यानंतरचे दिवस ते फक्त भोंग्याकडे कान लावून होते. जेवताना घास हातात राहायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, मला काय बघताय असं?" ते म्हणाले, "कुठे काय." मामीला वाटलं पित्त झालंय. एकदा त्यांनी मुलीला सुचवून बघितलं, "महिनाभर सुट्टी घे ना." मुलगी म्हणाली, "आणि तुम्हीच म्हणायचं, पथकाला माणसं कमी पडतायत." मामांनी विषय सोडला. दुसरी जोडी मागवावी म्हटलं, पण त्यांच्या मते संकट बुटांवर नव्हतंच, मुलीवर होतं. नव्या बुटांनी काय होणार?

पाऊस लागून राहिला होता, डोंगरात पाणी मुरलं होतं. दुपारी चहाच्या वेळेला भोंगा वाजला. वरच्या रस्त्याचा एक तुकडा खचला होता आणि एक छोटी गाडी माणसांसकट कड्याच्या मधल्या कट्ट्यावर जाऊन अडकली होती. स्टोअरमध्ये पिशव्या फाडल्याचा एकच आवाज उठला. मुलगी धावत आली आणि तिने आपली पिशवी ओढली. तिने गाठ सोडायच्या आत मामांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"हे बाद," ते म्हणाले.

पिशव्यांचा आवाज थांबला. पथकात मामांचा 'बाद' हा शेवटचा शब्द होता. ज्याची खरी जोडी बाद, तो खाली राहणार. रोजच्या जोडीवर कड्यावर जायचं नाही, हा नियमही मामांचाच.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"टाच हलतेय."

"मागच्या खेपेला तर ठीक होते!" मुलगी म्हणाली.

"आज हलतेय."

ते मुलीकडे बघत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा ते एका बुटाबद्दल खोटं बोलले होते, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्यांना वाटलं सगळ्यांना कळलंय. पण साहेबांनी फक्त घड्याळ बघितलं आणि पथकातल्या दाढीवाल्याला म्हणाले, "दोरावर पहिला तू." दाढीवाल्याने मान हलवली. गाड्या निघून गेल्या. मुलगी बाकावर अनवाणी बसून राहिली.

तेवढा वेळ मामांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. दाढीवाल्याची जोडी त्यांनी तपासली होती, ती उबदार होती, म्हणजे त्याला काही होणार नाही. असं ते स्वतःला सांगत होते. मग दुसरं मन म्हणायचं, मुलीच्या वाट्याचं होतं ते आता कुणाकडे जाईल? पोर वाचवायला आपण दुसऱ्याच्या घरात मरण ढकललं की काय? रिकाम्या फळ्यांसमोर ते उभे होते. कोट गेले होते, बूट गेले होते. भिंतीपाशी आता एकच आकार उरला होता, मुलीचा, आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं धाडस त्यांना होईना.

दिवेलागणीला गाड्या परत आल्या. गाडीतली सगळी माणसं वाचली होती. दाढीवाल्याचं कोपर खरचटलं होतं आणि तो भुकेच्या नावाने ओरडत होता. मामांनी त्याला कडकडून मिठी मारली. तो म्हणाला, "मामा, अहो, चिखल लागेल." मामा हसले आणि हसता हसता त्यांना रडू आलं. टळलं, त्यांना वाटलं. काय होतं ते टळलं.

मुलगी त्यांच्या आधी घरी पोचली होती. मामा आत शिरले तेव्हा खोलीच्या मधोमध जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता आणि त्यावर तिने स्टोअरमधून उचलून आणलेली खरी जोडी. मामी बाजूला कपाळाला हात लावून उभी. काकू स्वयंपाकघराच्या दारात.

"कुठे हलतेय?" मुलीने विचारलं. तिने टाच धरून ओढून दाखवली. "दाखवा ना. कुठे हलतेय?"

"बाळा..."

"तुम्ही खोटं बोललात. सगळ्यांसमोर. मी बाकावर बसून होते आणि सगळे माझ्याकडे बघून गेले."

"अगं, जाऊ दे," मामी म्हणाली. "बापाचं काळीज आहे ते."

"मग बापाने घरी बसून काळीज दाखवावं. तिथे ते बाप नाहीत." मुलगी उठली आणि मामांचा चामडं कापायचा चाकू घेऊन आली. "मी हा बूट आज उघडणार आणि उद्या साहेबांपुढे नेऊन ठेवणार. आत सगळं पक्कं आहे हे त्यांनाही दिसू दे."

मामांनी अडवलं नाही. त्यांना वाटलं, बरोबर आहे तिचं. बोलेल काही दिवस, रागवेल, पण समोर उभी आहे. तिने बूट आडवा धरला, टाचेच्या बाजूने पातं टेकवलं आणि सगळं अंग लावून दाबलं. जोर जास्त झाला. पातं जून चामड्यात शिरावं तसं शिरलंच नाही, ओल्या साबणात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं.

मुलीने चाकू बाहेर काढला. चिरेतून काळपट भुगा कागदावर सांडला. तिने दोन्ही हातांनी तळवा धरून ओढला, आणि तो जाड, कोरा, सराव न पाहिलेला तळवा सहज, आवाज न करता, बुटापासून सुटून तिच्या हातात आला. वरचं चामडं चकचकीत, खालचं रबर चकचकीत. या दोघांना धरून ठेवणारा मधला मऊ थर आतल्या आत सडून गेला होता. तिने दुसरा बूट घेतला. तोही तसाच.

मग मुलगी हळूच म्हणाली, "मी दोरावर असते ना, तर पहिल्या दगडावर..." आणि तिने पुढे होऊन बापाच्या गळ्यात हात टाकले. मामी तोंडावर पदर दाबून रडायला लागली. "बाबा, मी काय काय बोलले तुम्हाला! पण तुम्हाला कळलं कसं? बाहेरून तर काही म्हणजे काही दिसत नाही!"

मामांनी खाली वाकून तो भुगा चिमटीत घेतला. तो ओलसर होता. गार होता. तोच गारवा, त्यांनी तो कुठेही ओळखला असता. आणि ते तसेच वाकलेले राहिले.

त्यांच्या पायांना मरणाबिरणाचं काहीही कळत नव्हतं. पाय आपलं काम करत होते. बूट आतून कुजलाय, त्याने ओल धरलीय, एवढं साधं सरळ ते सांगत होते, दर वेळी, न चुकता. न वापरता झाकून ठेवायचं, पायाचा घाम आत असताना पिशवीचं तोंड आवळायचं, वर दुसरी पिशवी चढवायची. अति तेथे माती म्हणतात. आणि ज्या माणसाचा बाद हा शब्द कुणी ओलांडत नव्हतं, त्याने भुताखेताचं समजून जीभ आवरली होती. ड्रायव्हर. पेटीवाला. आणि सगळ्यात आधी.

"गार लागले," मामा म्हणाले. मुलीने विचारलं होतं म्हणून उत्तर तोंडातून निघून गेलं. "बूट आतून गार लागले. म्हणून कळलं."

"गार?" मुलगी डोळे पुसत हसली. "धन्य आहे तुमच्या पायांची!"

काकू दारातून पुढे आली. कागदाशी बसली. सुटलेला तळवा तिने उचलला, टाचेकडून उलटा करून बघितला, आणि कागदावर अगदी सावकाश ठेवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "यांचे कसे लागले होते?"

मुलगी हसायची थांबली. मामांना खोटं बोलता आलं असतं. दुपारीच एकदा बोलून झालं होतं आणि जीभ सरावली होती. काकू त्यांच्याकडे बघत होती, बुटांचं काही नव्हतं ना, असं विचारताना बघितलं होतं तसंच, त्यांच्या तोंडून हवं ते उत्तर निघेल या भरवशाने.

"डावा," मामा म्हणाले. "डावा गार लागला होता."

"तुम्हाला तेव्हाच लागला होता."

"हो."

"आणि तुम्ही दिलात."

"मला तेव्हा कळलं नव्हतं गं, ते काय आहे ते. आजही मला कळलं नव्हतं. मला वाटलं..." पण जे वाटलं होतं ते या घरात, या दिव्याखाली सांगण्यासारखं नव्हतं.

काकू उठली. तिचा आवाज चढला नाही, रडकाही झाला नाही. "आजही कळलं नव्हतं," ती म्हणाली, "तरी लेकीच्या वेळी बोललात."

ती आत गेली. मामी तिच्या मागे जायला निघाली आणि मधेच थांबली. मुलीने चाकू मिटवला. मामा कागदापाशी बसून तो भुगा हाताने गोळा करायला लागले, आणि तो जितका गोळा करावा तितका बोटांना चिकटत गेला.